पार्सल नागपूरला गेलं तर चालतं, पणजीला गेलं की जीएसटी नंबर पाहिजे

चिपळूणपासून बांद्यापर्यंत कुठल्याही बाजारपेठेत दुकानदाराशी जरा गप्पा मारा, एक वाक्य येणारच, की ते ऑनलाइनवाले टॅक्स भरत नाहीत म्हणून त्यांना स्वस्त परवडतं, आम्ही मात्र भाडं, लाइटबिल, जीएसटी सगळं भरत बसायचं. आणि त्याच दुकानदाराचा भाचा नाहीतर सून घरी व्हॉट्सअ‍ॅपवर काजूगर, आगळ (कोकमाचा घट्ट रस), आंबापोळी विकत असते, तिला विचारा, ती नेमकं उलटं सांगेल, की दुकानात वर्षानुवर्षं कोणी काही विचारलं नाही पण ऑनलाइन विकायला गेले तर पहिल्या रुपयापासून जीएसटी नंबर मागतायत. एकाच घरातली दोन माणसं आणि तक्रारी एकदम विरुद्ध. माझं मत विचाराल तर सूनबाई जास्त खरं बोलतेय, पण दुकानदार मामांचं म्हणणंही हवेतून आलेलं नाही, ते आलंय अमेरिकेतून आणि थोडं आपल्याच २०१७ च्या आधीच्या गोंधळातून.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. आपल्याकडे 'ऑनलाइन टॅक्स' असा वेगळा काही नाहीच. काजूगरावर ५ टक्के जीएसटी आहे, तो वेंगुर्ल्याच्या दुकानात घेतला तरी ५ आणि मोबाइलवरून मागवला तरी ५. मोठ्या अ‍ॅपवर तुम्ही मिक्सर घेता तेव्हा त्या बिलावर जीएसटी लागलेलाच असतो, बिल डाउनलोड करून बघा, खाली सगळं लिहिलेलं असतं. मग स्वस्त का मिळतं? तर हजारो नग एकदम उचलल्यामुळे भाव पडतो, शहरातल्या मेन रोडवरच्या गाळ्याचं भाडं नसतं, आणि गुंतवणूकदारांचे पैसे ओतून ग्राहक ओढायचे हा प्रकार तर आहेच. त्यावर बोलायचं तर जरूर बोलावं, पण ते टॅक्सचं भांडण नाही, ते भांडवलाचं भांडण आहे.

आता अमेरिकेचं बघू, कारण 'ऑनलाइनवाले टॅक्स भरत नाहीत' हे तिथे खरोखरच बऱ्याच अंशी खरं होतं, आणि कायदेशीर होतं. तिथे देशभराचा एक जीएसटी असा नाही, प्रत्येक राज्याचा आपापला सेल्स टॅक्स, तोही ४५ राज्यांतच, ऑरेगॉन, मोंटाना, न्यू हॅम्पशायर, डेलावेअर आणि अलास्का यांना राज्य पातळीवर तो नाहीच. वर काउंटी आणि शहरं आपले टॅक्स लावतात ते वेगळे, असे टॅक्स लावणारे सगळे मिळून दहा हजारांच्या वर भरतात. १९६७ साली पोस्टाने माल विकणाऱ्या एका कंपनीच्या केसमध्ये आणि मग १९९२ साली क्विल नावाच्या, ऑफिसचं सामान विकणाऱ्या कंपनीच्या केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ज्या राज्यात तुमचं दुकान, गोडाउन, माणूस असं काहीच नाही त्या राज्याचा टॅक्स गोळा करायची सक्ती तुमच्यावर करता येणार नाही. तेव्हा इंटरनेटवरचा धंदा जवळजवळ नव्हताच. दोन वर्षांनी अ‍ॅमेझॉन सुरू झाली आणि तिने मुक्काम टाकला वॉशिंग्टन राज्यात, ज्याची लोकसंख्या कमी, म्हणजे टॅक्स गोळा करायला लागेल असे घरचे ग्राहक कमी, आणि हा हिशोब जेफ बेझोसने स्वतः मुलाखतीत सांगितलेला आहे.

म्हणजे ग्राहकाला टॅक्स माफ होता असं नव्हे हां. कायद्याने त्याने स्वतःहून हिशोब करून आपल्या राज्याला तो भरायचा होता, त्याला यूज टॅक्स म्हणतात. पण आपण होऊन कोण भरतो? जवळपास कोणीच नाही. गावातला दुकानदार ८ टक्के लावून विकणार आणि दुसऱ्या राज्यातला वेबसाइटवाला शून्य लावून, ग्राहक दुकानात येऊन वस्तू हातात घेऊन बघणार आणि बाहेर जाऊन ऑनलाइन ऑर्डर टाकणार. हे पंचवीसेक वर्षं चाललं. शेवटी २१ जून २०१८ ला साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या केसमध्ये (वेफेअर ही फर्निचर विकणारी कंपनी) ५ विरुद्ध ४ अशा मतांनी कोर्टाने आपलाच जुना निकाल फिरवला. साउथ डकोटाचा नियम होता की वर्षाला १ लाख डॉलरची विक्री किंवा २०० ऑर्डरी आमच्या राज्यात झाल्या की टॅक्स गोळा करा, मग तुमचं इथे दुकान असो नसो. पाठोपाठ बाकीच्या राज्यांनी तसेच कायदे केले.

आणि मग ओरड कोणाची झाली? अ‍ॅमेझॉनची नाही. तिने २०१७ पर्यंतच सेल्स टॅक्स असलेल्या सगळ्या राज्यांत तो गोळा करायला सुरुवात केलेली होती. ओरडले ते घरातून विकणारे, कारण २०० ऑर्डरी म्हणजे पाच-पाच डॉलरचे स्टिकर विकले तरी होतात, हजार डॉलरच्या धंद्याला परराज्याचं रजिस्ट्रेशन. न्यू हॅम्पशायरवाले तर भयंकर भडकले, आमच्याकडे सेल्स टॅक्सच नाही आणि आम्ही दुसऱ्यांचे वसुली कारकून व्हायचं? नंतर बऱ्याच राज्यांनी ती २०० ची अट काढून टाकली. हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे पण शेवटी चिमटा नेमका त्याच जागी बसलेला आहे.

आपल्याकडे २०१७ च्या आधी काय होतं? प्रत्येक राज्याचा आपापला विक्रीवरचा टॅक्स म्हणजे व्हॅट, राज्याबाहेर माल गेला की सीएसटी, म्हणजे केंद्रीय विक्रीकर, आणि तो सीएसटी माल जिथून निघाला त्या राज्याला मिळायचा. म्हणजे बंगळुरूहून निघालेला फोन पाटण्यात विकला तर बिहारला काही नाही. मग बिहार, गुजरात, उत्तराखंड अशा राज्यांनी ऑनलाइन मागवलेल्या मालावर एंट्री टॅक्स, म्हणजे माल राज्यात शिरताना घ्यायचा टॅक्स, लावला. कर्नाटकने म्हटलं गोडाउन आमच्याकडे आहे, विकणाऱ्याने इथे टॅक्स भरावा, केरळने म्हटलं ग्राहक आमचा आहे, टॅक्स आम्हाला द्या. कोर्टकचेऱ्या झाल्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा वाद एका नियमाने संपला, की माल जिथे वापरला जाणार त्या राज्याला टॅक्स. कुडाळहून पुण्याला पाकीट गेलं तर निम्मा केंद्राला, निम्मा महाराष्ट्राला. कुडाळहून म्हापशाला गेलं तर आयजीएसटी, म्हणजे राज्याबाहेरच्या विक्रीवरचा जीएसटी, त्यातला राज्याचा वाटा गोव्याला. राज्याराज्यांत भांडायला जागा उरली नाही, हे काम खरंच चांगलं झालंय, उगाच नावं ठेवायची म्हणून ठेवू नयेत.

पण राज्याची हद्द पैशाच्या हिशोबातून गेली तरी नोंदणीच्या नियमातून गेली नाही. तिथेच सूनबाई अडकते.

नियम असा आहे. फक्त वस्तू विकत असाल तर वर्षाला ४० लाखांची उलाढाल होईपर्यंत महाराष्ट्रात जीएसटी नंबर घ्यायची सक्ती नाही (सर्व्हिस देत असाल तर २० लाख). पण ही सवलत राज्याच्या आतल्या विक्रीला. टॅक्स लागणारी वस्तू तुम्ही दुसऱ्या राज्यात पाठवली की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची, काही हस्तकलेच्या वस्तूंना सूट आहे तेवढी सोडून. आणि अ‍ॅपवर, म्हणजे दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर विकायचं असेल तर २०२३ पर्यंत राज्यातल्या राज्यात विकलं तरी नंबर लागायचाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून एवढं सैल केलं की तुम्ही फक्त आपल्याच राज्यात विकत असाल आणि मर्यादेच्या आत असाल तर पॅनवर एक एनरोलमेंट नंबर काढून अ‍ॅपवर विकता येतं, पूर्ण नोंदणी नको, रिटर्न नको.

आता हे सावंतवाडीत बसून वाचा. पणजी साठेक किलोमीटर, आपलं रत्नागिरी त्याहून कितीतरी लांब. अर्ध्या तालुक्याची पोरं नोकरीला गोव्यात, सोयरिकी गोव्यात, आजारी पडलं तरी माणूस गोव्याला नेतात. पण काजूगराचं एक किलोचं पाकीट म्हापशाच्या मावशीच्या शेजारणीला कुरिअरने विकलं की ते आंतरराज्य आणि हजारेक किलोमीटरवरच्या नागपूरला विकलं की राज्यातल्या राज्यात. त्यात आणखी एक मजा, तीच शेजारीण गाडी काढून सावंतवाडीच्या दुकानात आली, पैसे दिले, बिलावर पत्ता न लिहिता पिशवी घेऊन गेली, तर ती विक्री महाराष्ट्रातलीच. काजू तोच, बाई तीच, खाणार गोव्यातच. पुण्या-मुंबईत बसून नियम करणाऱ्याला हे दिसत नाही असं म्हणायचा मोह होतो, पण खरं कारण असं की राज्याबाहेरच्या विक्रीत टॅक्स दुसऱ्या राज्याला जायचा असतो आणि नोंदच नसेल तर त्याला तो मिळणार कुठून, त्यामुळे कायदा तिथे कडक आहे. समजण्यासारखं आहे. तरीपण वर्षाला ६० हजाराचा धंदा करणारीला आणि ६ कोटीवाल्याला एकाच दारातून आत घेणं मला पटत नाही.

आंबेवाल्यांचं काय? ताज्या फळांवर जीएसटी शून्य आहे, हापूसची पेटी चेन्नईला पाठवा नाहीतर दिल्लीला, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला कायद्याने नोंदणी लागतच नाही. पण बहुतेक जण नुसते आंबे विकत नाहीत, मे संपला की रस, आंबापोळी, लोणचं, सरबत सुरू होतं. या मालाला टॅक्स आहे, रसाच्या डब्यावर १२ टक्के होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. आणि ४० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त विक्रीसुद्धा धरतात, हे फार जणांना माहितीच नसतं. समजा एखादा आंबे विकत घेऊन ३५ लाखांचे विकतो आणि वर ६ लाखांचा रस विकतो, त्याला वाटतं माझी टॅक्सवाली विक्री सहाच लाख, मी कशाला घाबरू, पण बेरीज ४१ होते आणि तो मर्यादेच्या बाहेर गेलेला असतो. टॅक्स भरायचा सहा लाखांवरच, पण नंबर घ्यायलाच हवा होता.

बरं, नंबर घेतला तर काय होतं ते पण एकदा आकड्यात बघू. काजूगराचं पाकीट १००० रुपये, त्यावर ५ टक्के म्हणजे ५०, ग्राहक देणार १०५०. ते ५० तुमचे नाहीत, ते सरकारचे, तुम्ही फक्त मधले. अ‍ॅपवाला तुम्हाला पैसे देताना हजारावर अर्धा टक्का, ५ रुपये, टीसीएस म्हणून कापून सरकारकडे भरतो (२०१८ मध्ये हे सुरू झालं तेव्हा १ टक्का होता, जुलै २०२४ मध्ये अर्धा केला). इन्कम टॅक्सचा टीडीएस वेगळा, तो पण आधी १ टक्का होता आता ०.१ टक्का, आणि एकट्या माणसाची त्या अ‍ॅपवरची विक्री वर्षाला ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेलं असेल तर तो कापत नाहीत. हे दोन्ही जास्तीचे टॅक्स नव्हेत, आगाऊ कापलेले पैसे आहेत, तुमच्या हिशोबात जमा होतात. मग अ‍ॅपचं कमिशन, समजा १५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २७ रुपये. नंबर असेल तर हे २७ तुमच्या ५० मधून वजा करता येतात, नंबर नसेल तर ते खिशातून गेले. म्हणजे नंबर घेणं हे नेहमीच नुकसानीचं असतं असंही नाही, कमिशन, पॅकिंग, कुरिअर यांवर भरपूर जीएसटी जात असेल तर उलट फायदा असतो. काजूवाल्यांना मात्र एक वेगळी भानगड आहे, नोंदणी असलेल्याने शेतकऱ्याकडून साली सकट काजू बी घेतली तर त्यावरचा ५ टक्के टॅक्स शेतकऱ्याऐवजी त्यानेच भरायचा असतो, नंतर तो क्रेडिटमध्ये, म्हणजे पुढच्या टॅक्समधून वजा होऊन, मिळतो, पण पैसे आधी अडकतात आणि सिझनला तेच तर नसतात हातात.

होमस्टेवाल्यांसाठी एवढंच सांगतो की तारकर्ली, दापोली, गुहागरला ज्यांच्या दोन-तीन खोल्या आहेत आणि उलाढाल मर्यादेच्या आत आहे त्यांनी अ‍ॅपवर खोली टाकली म्हणून नंबर घ्यावा लागत नाही, तिथे जीएसटी अ‍ॅपवाल्यानेच भरायचा असा नियम आहे. म्हणून तीच खोली फोन करून बुक केली तर पाहुण्याला थोडी स्वस्त पडते. यात कोणी चोरी करत नाहीये, दोन्ही कायदेशीर आहेत.

आता लोकांच्या विरोधाकडे येऊ. लोकांना टॅक्स नको असतो, एवढंच उत्तर पुरेसं आहे असं मला वाटत नाही. कोकणाला टॅक्स नाकारायचा इतिहास आहे. १९३० च्या मे महिन्यात वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, मिठागरातलं मीठ लोकांनी उचललं आणि लाठ्या खाल्ल्या. तो टॅक्स वाईट का होता, तर समुद्र आपला, मीठ आपलं, गरिबालाही मीठ श्रीमंताइतकंच लागतं, आणि पैसा जाणार ज्याच्यावर आपलं काही चालत नाही अशा सरकारकडे. (आज मिठावर जीएसटी शून्य आहे, हे जाता जाता.) तो विरोध टॅक्सलाच होता. पण २०१३ साली महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्यांनी एलबीटीच्या (महापालिका आपल्या हद्दीत येणाऱ्या मालावर घ्यायची तो टॅक्स) विरोधात दुकानं बंद ठेवली तेव्हा काय मागणी होती आठवतंय? एलबीटी नको, हवं तर व्हॅटमध्येच वाढवून घ्या. म्हणजे पैसे द्यायची तयारी होती! नको होतं ते आणखी एक रजिस्टर, आणखी एक रिटर्न आणि दुकानात येऊन कागद तपासणारा आणखी एक माणूस. २०१५ च्या ऑगस्टमध्ये ५० कोटींच्या आतल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी गेला. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात महापालिकाच नसल्यामुळे ती झळ आपल्याला बसली नव्हती, म्हणून बहुतेक आपण विसरलो.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात तसंच झालं. तिथल्या खात्याने यूपीआयचे आकडे काढले आणि बेकरी, चहावाले, भाजीवाले यांना मागच्या चार वर्षांच्या नोटिसा पाठवल्या. बंगळुरूत टपऱ्यांवर पाट्या लागल्या, यूपीआय नाही, फक्त कॅश. भाजी, दूध करमुक्त असतं, आणि खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो, भावाने पाठवलेले असतात, कोणी उसने परत केलेले असतात. शेवटी नोंदणी करा, मागचं वसूल करणार नाही असं सरकारला सांगावं लागलं. त्याचे पडसाद इकडे पण आले, त्या सुमारास आपल्याकडेही काही दुकानदार जी-पे म्हटलं की 'सुटे नाहीत काय तुमच्याकडे' विचारायला लागले होते. पण यूपीआयने पैसे घेतले म्हणून जीएसटी लागत नाही, विक्री मर्यादेच्या वर गेली की लागतो, मग ती विक्री कॅशमध्ये असली तरी. क्यूआर कोड झाकून मर्यादा वाढत नाही.

मग काउंटरवरचा तो प्रश्न, 'बिल व्हया काय?' तो विचारणारा आणि 'नको' म्हणणारा दोघं मिळून टॅक्स वाचवतात आणि दोघांनाही आपण काही चोरलं असं वाटत नाही. ऑनलाइनमध्ये हा प्रश्नच विचारता येत नाही, सगळं नोंदलं जातं. मला वाटतं दुकानदारांचा राग इथे कुठेतरी आहे, आणि तो पूर्ण प्रामाणिक नाही. ज्या दुकानाला कच्च्या बिलाची सोय आहे त्याने अ‍ॅपवाला टॅक्स भरत नाही म्हणणं जरा जास्तच होतं. पण ज्याला ही सोय नाही, जो प्रत्येक पाकिटाचं बिल देतो आणि तरी महिन्याला हिशोबनीसाला पैसे मोजतो, शून्य विक्रीच्या महिन्यातही रिटर्न विसरला तर दिवसाला २० रुपये लेट फी भरतो, त्याचं 'ह्यां सगळां आमच्याच डोक्यार कित्याक' हे अगदी रास्त आहे. पाच टक्के कोणाला जड नाहीत, जड आहे ते पोर्टल, ओटीपी आणि सर्व्हर डाउन.

सरकारला हे कळत नाही असं नाही. सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी कौन्सिलने अ‍ॅपवरून वेगवेगळ्या राज्यांत विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांसाठी नोंदणी सोपी करायला तत्त्वतः मंजुरी दिली, आणि कमी जोखमीच्या अर्जांना कामाच्या तीन दिवसांत नंबर द्यायची योजना १ नोव्हेंबर २०२५ पासून आणली. माझ्या मते खरं उत्तर याहून साधं आहे, वर्षाला १०-१५ लाखांपर्यंत राज्याबाहेरची विक्रीही मोकळी ठेवा, गोव्याचे आणि कर्नाटकचे चार पैसे बुडतील, महाराष्ट्राचे पण बुडतील, फिटंफाट होईल. हस्तकलेला जमतं तर घरच्या आगळाला का नाही?

तोपर्यंत ज्यांना विकायचंय त्यांनी आधी ठरवा की गिऱ्हाईक कुठलं आहे. सगळं मुंबई-पुण्याचं असेल, उलाढाल कमी असेल, तर एनरोलमेंट नंबरवर भागतं, फक्त चुकून बेळगाव-पणजीची ऑर्डर घेऊ नका. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्यांसाठीच्या ठोक टॅक्सच्या योजनेत, १ टक्का भरून मोकळं व्हावं असं कोणी सुचवेल, पण त्यात राज्याबाहेर विकता येत नाही आणि क्रेडिटही मिळत नाही. गोवा पाहिजेच असेल तर सरळ पूर्ण नोंदणी घ्या आणि तीन महिन्यांनी एकदा रिटर्न भरायचा पर्याय निवडा. आणि ज्यांचा नंबर आधीच आहे त्यांनी आज पोर्टलवर जाऊन अ‍ॅपने कापलेला टीसीएस बघा, तो आपोआप खात्यात येत नाही, तिथे जाऊन अ‍ॅक्सेप्ट करावा लागतो, तेव्हाच पोर्टलवरच्या तुमच्या कॅश लेजरला, म्हणजे टॅक्स भरायच्या खात्याला, जमा होतो. तुमचे पैसे आहेत ते.